मायेच्या हाका: इंग्लंडच्या बोलींमधली लाडाची संबोधने

इंग्लंडच्या मध्यभागी डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर आणि स्टोक-ऑन-ट्रेंट या शहरांचा जो पट्टा आहे, त्यात भाजीवाली गिऱ्हाइकाला, बसचालक प्रवाशाला आणि दवाखान्यातली परिचारिका रुग्णाला ‘डक’ म्हणून हाक मारते. ‘ए अप, मी डक’ हे इथले नेहमीचे अभिवादन आहे. त्यातील ‘मी’ म्हणजे ‘माय’, आणि ‘ए अप’ म्हणजे साधारणपणे आपल्याकडचे ‘काय, कसं काय?’. हाक मारणारा आणि ऐकणारा यांची ओळख असावी लागत नाही, वयाचे अंतर आड येत नाही, आणि मुख्य म्हणजे हा शब्द केवळ बायकामुलांसाठी राखून ठेवलेला नाही. धिप्पाड गवंडी तितक्याच धिप्पाड सुताराला ‘डक’ म्हणतो आणि दोघांपैकी कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. डर्बीत राहायला आल्यावर सुरुवातीच्या काळात मला या हाकेचे मोठे अप्रूप वाटे. आता ती दिवसभर कानावर पडली नाही, तर आपण परगावी आहोत असे वाटू लागते.

आपल्यापैकी बहुतेकांनी इंग्रजी भाषा पाठ्यपुस्तकांतून शिकली आणि त्या पुस्तकांतल्या माणसांनी एकमेकांना ‘सर’ आणि ‘मॅडम’ यांपलीकडे फारसे काही म्हटले नाही. त्यामुळे इंग्रज माणूस म्हणजे अघळपघळ न बोलणारा, भावना मुठीत ठेवणारा, अशी एक प्रतिमा आपल्या मनात पक्की बसलेली असते. प्रमाण इंग्रजीपुरती ती खरी असेलही. परंतु बोलींचे इंग्लंड निराळे आहे. तिथे दर पन्नास-शंभर मैलांवर मायेची हाक बदलते: न्यूकॅसलला ‘पेट’ आणि ‘हिनी’, लँकेशरमध्ये ‘चक’ आणि ‘कॉक’, बर्मिंगहॅमला ‘बॅब’, यॉर्कशरमध्ये ‘लव्ह’ आणि ‘फ्लॉवर’, ब्रिस्टलला ‘माय लव्हर’, कॉर्नवॉलमध्ये ‘माय हॅन्सम’, नॉरफोकमध्ये ‘बोर’. हे शब्द आले कुठून, हा प्रश्न मला गेली अनेक वर्षे सोडत नाही, आणि त्याचा मागोवा घेताना एक गोष्ट वारंवार समोर आली. आपल्या तोंडचा शब्द कोण्या राजघराण्यातून उतरला असावा, असे लोकांना मनापासून वाटते. पुरावा मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी अंगणाकडे, मेंढवाड्याकडे, मधाच्या पोळ्याकडे, स्वयंपाकघराकडे आणि कोळशाच्या खाणीकडे बोट दाखवतो. मला हे मूळ राजदरबाराहून अधिक मोलाचे वाटते, आणि का वाटते हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

सुरुवात ‘डक’पासूनच करायला हवी, कारण त्याच्याइतकी खोटी वंशावळ दुसऱ्या कोणत्याही संबोधनाला चिकटलेली नाही. या भागातल्या अनेक जणांकडून, स्मरणवस्तूंच्या दुकानांतल्या चहाच्या कपांवरून आणि स्थानिक बोलीच्या छोट्या पुस्तिकांतून एक गोष्ट ठामपणे सांगितली जाते, की ‘डक’ या हाकेचा बदकाशी काहीही संबंध नसून ती अँग्लो-सॅक्सन काळातील ‘डुकास’ या आदरार्थी शब्दापासून आली, आणि ‘ड्यूक’ ही पदवीही त्याच शब्दाची भावंड आहे. गोष्ट ऐकायला सुंदर आहे, परंतु ती तपासायला घेतली की टिकत नाही. अँग्लो-सॅक्सन लोक आपल्या सेनानायकाला ‘हेरेटोगा’ आणि प्रांताच्या प्रमुखाला ‘एल्डोर्मन’ म्हणत. ‘डुक्स’ हा शब्द त्यांच्या लॅटिन दस्तऐवजांत सापडतो, तो लॅटिन लिहिणाऱ्या धर्मगुरूंचा शब्द म्हणून. बाजारात किंवा शेताच्या बांधावर तो कोणी उच्चारत असल्याचा पुरावा नाही. ‘ड्यूक’ हा शब्द इंग्रजीत आला तो १०६६च्या नॉर्मन विजयानंतर, फ्रेंचमधून, आणि इंग्लंडमधली पहिली ड्यूकची पदवी निर्माण झाली ती १३३७ साली, तिसऱ्या एडवर्डने आपल्या मुलाला कॉर्नवॉलचा ड्यूक केले तेव्हा. शिवाय लाडाने मारलेली ‘डक’ ही हाक लेखनात प्रथम दिसते ती थेट सोळाव्या शतकाच्या अखेरीस. सॅक्सन काळातला आदरार्थी शब्द मधली पाच-सहा शतके कुठल्याही कागदावर न उमटता लोकांच्या जिभेवर जिवंत राहिला आणि मग अचानक बदकाच्या नावाचे रूप घेऊन प्रकटला, असे मानण्यापेक्षा ही हाक बदकावरूनच आली, असे मानणे कितीतरी सरळ आहे. इंग्रजीच्या ऐतिहासिक कोशांचाही कौल तसाच आहे.

आणि त्यात कमीपणा तो काय? पाण्यावर आईच्या मागे ओळीने पोहणारी बदकाची पिल्ले पाहून ज्याला आपल्या लेकराची आठवण होणार नाही, असा माणूस विरळाच. आपणही मुलांना पाखरू, कोकरू, चिमणी म्हणतोच. ‘डक’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘बुडी मारणारा’ असा आहे. पाण्यात मान खुपसून बुडी मारण्याच्या पक्ष्याच्या सवयीवरून जुन्या इंग्रजीत हे नाव पडले आणि आजही इंग्रजीत डोके पटकन खाली वाकवण्याच्या क्रियेला हाच शब्द वापरतात. त्याआधी बदकासाठी जुन्या इंग्रजीत ‘एनेड’ हा शब्द होता, जो पुढे लोपला. त्याची नाती मात्र दूरवर पसरलेली आहेत: जर्मनमधला ‘एन्टे’, लॅटिनमधला ‘अनास’ आणि संस्कृतमधला ‘आति’ हे सर्व एकाच मुळाचे शब्द आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरूरवा आणि उर्वशी यांच्या संवादसूक्तात अप्सरांना या आति पक्ष्यांची उपमा दिलेली आहे, आणि शतपथ ब्राह्मणात तर विरहाने वेडापिसा झालेला पुरूरवा कुरुक्षेत्रातल्या सरोवराकाठी येतो, तेव्हा उर्वशी आणि तिच्या सख्या आति पक्ष्यांचे रूप घेऊन पाण्यावर पोहत असतात. प्रेयसीला जलपक्ष्याच्या रूपात पाहणे ही काही डर्बीशरच्या शेतकऱ्याची एकट्याची कल्पना नव्हे.

सोळाव्या शतकातला जो पहिला पुरावा मी वर म्हटला, तो शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये आहे. त्यातले कारागीर अथेन्सच्या ड्यूकच्या लग्नात एक शोककथा सादर करतात आणि नायकाचे काम करणारा बॉटम नावाचा विणकर नायिका मेली असे समजून तिला उद्देशून ‘ओ डेंटी डक! ओ डिअर!’ असा टाहो फोडतो. हे शब्द विणकराच्या तोंडी आहेत, हे मला महत्त्वाचे वाटते. सामान्य माणूस प्रेमाने काय म्हणतो, हे प्रेक्षकाला ओळखीचे असल्याशिवाय त्या जागी हशा पिकला नसता.

परंतु शेक्सपिअरच्या काळात अशा हाका केवळ विणकरांपुरत्या नव्हत्या. लँकेशरच्या बाजारात आज म्हातारी विक्रेती ज्या सहजतेने ‘थँक्स, चक’ म्हणते, तोच ‘चक’ मॅकबेथच्या तोंडी आहे. बँको आणि त्याच्या मुलाला ठार मारण्याची व्यवस्था त्याने गुपचूप केलेली असते, बायको विचारते की काय घडणार आहे, आणि तो उत्तर देतो की काम होऊन तू शाबासकी देईपर्यंत तुला त्याचा पत्ता नसलेला बरा, ‘डिअरेस्ट चक’. संपूर्ण नाटकातल्या अत्यंत काळोख्या जागी आलेली ही घरगुती हाक अंगावर काटा आणते. हा ‘चक’ म्हणजे कोंबडीच्या पिल्लाच्या ‘चिक’ या नावाचे बदललेले रूप आहे. ‘पाचवा हेन्री’ आणि ‘ट्वेल्फ्थ नाइट’ या नाटकांत पुरुष पुरुषांनाही ‘चक’ म्हणतात, आणि त्याच्या जोडीला ‘बॉकॉक’ अशी आणखी एक हाक येते. ती ‘सुंदर कोंबडा’ या अर्थाच्या ‘बो कॉक’ या फ्रेंच शब्दांवरून बनली. लँकेशरमधला म्हातारा आपल्या मित्राला ‘कॉक’ म्हणतो, तेव्हा तो याच खुराड्यातला शब्द उच्चारत असतो. एकेकाळी राजवाड्यातल्या पात्रांना शोभणारा शब्द दरबारातून आणि लंडनच्या सभ्य बोलीतून गळून पडला आणि गिरणीकामगारांनी मात्र तो जपला, ही गोष्ट बोलींना अशुद्ध म्हणणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावी अशी आहे. सीमेपलीकडे स्कॉटलंडमध्ये, विशेषतः ग्लासगोत, स्त्रीला प्रेमाने ‘हेन’ म्हणतात; तिथली बोली ही स्वतंत्र भाषा मानली जाते, म्हणून मी तिच्या खोलात जात नाही, पण खुराडे तेच आहे.

पाखरांनंतर मध. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ लिहिल्या. त्यांतल्या पिठाच्या गिरणीवाल्याच्या कथेत ॲब्सोलन नावाचा चर्चचा कारकून सुताराच्या बायकोच्या खिडकीखाली उभा राहून तिला मधाचे पोळे, सुंदर पाखरू आणि गोड दालचिनी अशा हाका मारतो. दालचिनी त्या काळी श्रीलंकेहून आणि मलबारच्या किनाऱ्यावरून अरब व्यापाऱ्यांमार्फत आणि पुढे व्हेनिसमार्गे इंग्लंडला पोहोचत असे, म्हणजे या हाकेत त्या काळची चैन होती. ती हाक टिकली नाही. मध मात्र घरच्या पोळ्यातला होता, तो टिकला. ‘हनी’चा उत्तरेकडचा उच्चार ‘हिनी’, आणि टाइन नदीच्या परिसरात बायका, मुले, खलाशी आणि खाणकामगार सगळेच एके काळी एकमेकांचे हिनी होते. नॉर्थंबरलंडमध्ये तव्यावर भाजायची एक जाड, मनुका घातलेली भाकरीसारखी पोळी असते, तिलाही ‘सिंगिंग हिनी’ म्हणतात, कारण तापल्या तव्यावर तिच्यातली चरबी चरचरते आणि ती गाते आहे असे वाटते.

त्याच प्रदेशातला ‘पेट’ हा शब्द आज जगभर पाळीव प्राण्यांसाठी वापरला जातो, परंतु तो मुळात उत्तरेचा. सोळाव्या शतकापासून स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या लेखनात तो दिसतो, आणि मेंढपाळांच्या त्या मुलखात त्याचा एक विशेष अर्थ होता: आई गमावलेले, घरात आणून हाताने दूध पाजून वाढवलेले कोकरू. लाडावलेल्या मुलालाही त्याच काळापासून पेट म्हणू लागले. आज न्यूकॅसलच्या दुकानात सुट्टे पैसे हातावर ठेवताना ‘देअर यू आर, पेट’ म्हणणाऱ्या बाईला हे कोकरू आठवत नसते, पण तिच्या स्वरात पोरक्या पिल्लाला जवळ घेण्याची जी ऊब आहे, ती तिथूनच आली, असे मला वाटते.

या सगळ्या शब्दांची नोंद आज आपल्याला सापडते, त्याचे फार मोठे श्रेय एका माणसाला आहे, आणि त्याची हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला बरे वाटत नाही. जोसेफ राइट यांचा जन्म १८५५ साली यॉर्कशरमध्ये ब्रॅडफर्डजवळ झाला. सहाव्या वर्षी ते दगडाच्या खाणीत गाढव हाकण्याच्या कामावर लागले, सातव्या वर्षी सॉल्टेअरच्या कापडगिरणीत गेले, आणि वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मग स्वतःच्या हिमतीने ते शिकले, जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात पोहोचले, तिथे १८८५ साली डॉक्टरेट मिळवली, आणि १९०१ साली ऑक्सफर्डमध्ये तुलनात्मक भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या पदावर त्यांच्या आधी होते ते ऋग्वेदाचे सायणभाष्यासह संपादन करणारे माक्स म्यूलर. राइट यांनी १८९८ ते १९०५ या काळात सहा खंडांचा इंग्रजी बोलीकोश प्रसिद्ध केला. ज्याची मातृभाषा गिरणीतली यॉर्कशर बोली होती आणि जो ग्रीक, गॉथिक, संस्कृत या भाषांच्या तुलनेत मुरलेला होता, अशा माणसाने हा कोश करावा, याहून उचित योग कोणता? बोली म्हणजे प्रमाण भाषेची मोडतोड नव्हे, तिला स्वतःचे नियम आणि स्वतःचा इतिहास आहे, हे त्यांनी केवळ म्हटले नाही, तर शब्दागणिक दाखवून दिले. पुढे १९५० ते १९६१ या काळात लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांनी झुरिकच्या ऑयगन डीट यांच्यासह आखलेल्या सर्वेक्षणात ३१३ ठिकाणी जाऊन, मुख्यतः खेड्यांतल्या वृद्ध माणसांकडून, बोलीचे नमुने टिपण्यात आले.

राइट यांच्या यॉर्कशरमधली सर्वांत साधी हाक म्हणजे ‘लव्ह’. तिच्यावर लिहिण्यासारखे काय असणार, असे वाटेल. पण माझ्या मते सर्व हाकांत ती सर्वांत सखोल आहे. लीड्स, बार्न्सली, शेफील्ड या भागांत पुरुष पुरुषांना ‘लव्ह’ म्हणतात. बसचा चालक, बाजारातला खाटीक, आणि खाणी होत्या तेव्हा कोळशाच्या खाणीतला मजूरही. बाहेरगावच्या माणसाला ते चमत्कारिक वाटते. आता या शब्दाचे नाते पाहा. इंग्रजी ‘लव्ह’ आणि संस्कृत ‘लुभ्’ धातू यांचे मूळ एकच आहे. संस्कृतात त्या धातूपासून झालेल्या ‘लोभ’ शब्दाला पुढे हावेचा अर्थ चिकटला आणि षड्रिपूंत त्याची गणना झाली. परंतु मराठीने त्याची दुसरी बाजू सांभाळून ठेवली. ‘लोभ असावा, ही विनंती’ असे लिहून जी पिढी पत्र संपवत असे, तिने त्यात हाव मागितलेली नव्हती, माया मागितलेली होती. बार्न्सलीचा बसचालक तिकीट देताना जे म्हणतो आणि माझे आजोबा पोस्टकार्डाच्या शेवटच्या ओळीत जे लिहीत, ते हजारो वर्षांच्या अंतरावरून एकाच शब्दाचे दोन वंशज आहेत. ही काही कविकल्पना नाही. राइट आणि म्यूलर ज्या शास्त्राचे अध्यापक होते, त्या शास्त्राने सिद्ध केलेली गोष्ट आहे.

याच मुळाचा दुसरा धागा ब्रिस्टलला घेऊन जातो. तिथे आणि डेव्हन, कॉर्नवॉलच्या दिशेने, अनोळखी माणसालाही ‘ऑल राइट, माय लव्हर?’ असे विचारतात, आणि प्रथमच ऐकणारा पाहुणा कानकोंडा होतो, कारण प्रमाण इंग्रजीत ‘लव्हर’ म्हणजे प्रियकर किंवा प्रेयसी. वस्तुतः इथे बोलीने काही वेगळे केलेले नाही. बदलली आहे ती प्रमाण भाषा. पूर्वीच्या इंग्रजीत ‘लव्हर’ याचा अर्थ स्नेही, हितचिंतक असाही होता. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ नाटकात ब्रूटस सीझरच्या हत्येनंतर जमलेल्या जनसमुदायाला ‘रोमन्स, कंट्रीमेन अँड लव्हर्स’ असे संबोधतो, आणि १६११च्या बायबलच्या भाषांतरात टायरचा राजा हायरम हा नेहमीच डेव्हिडचा ‘लव्हर’ होता असे म्हटले आहे. दोन्ही ठिकाणी अर्थ मैत्रीचा आहे. लंडनच्या इंग्रजीने या शब्दाला शयनगृहात कोंडले. पश्चिमेकडच्या कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी त्याला मोकळ्या रस्त्यावर राहू दिले.

नॉरफोकच्या ‘बोर’ची कथा याहून बोलकी आहे. ‘कम यू हिअर, बोर’ असे तिथला शेतकरी शेजाऱ्याला म्हणतो. जुन्या इंग्रजीत ‘गेबूर’ म्हणजे जमीन कसणारा कुणबी, आणि ‘नीह-गेबूर’ म्हणजे जवळ राहणारा कुणबी. यातूनच आजचा ‘नेबर’ शब्द झाला, आणि ‘बोर’ हीही त्याच कुळातली हाक आहे. हॉलंडच्या भाषेत शेतकऱ्याला ‘बूर’ म्हणतात, तो याच मुळाचा. प्रमाण इंग्रजीत मात्र या कुळातल्या ‘बूअर’ शब्दाला अडाणी, असंस्कृत माणूस असा अर्थ आला. एकाच शब्दाची शहराने शिवी केली आणि शेताने हाक केली. याच पूर्वेकडच्या भागात दोन-चार जणांना एकत्र हाक मारायची असेल, तर ‘टुगेदर’ म्हणतात, म्हणजे ‘चला, मंडळी’ म्हणावे तसे.

इथे मराठी माणसाला एक फरक जाणवल्याशिवाय राहत नाही. आपण अनोळखी माणसाला जवळ करतो ते नात्याने: दादा, मावशी, काका, ताई, वहिनी. इंग्लंडमध्येही कधीकाळी ही रीत थोडीफार होती. खेड्यातल्या वृद्धाला ‘गॅफर’ आणि वृद्धेला ‘गॅमर’ म्हणत, आणि हे शब्द धर्मपिता, धर्ममाता यांच्या इंग्रजी नावांचे आकसलेले रूप होते. ‘गॅमर’ लोपला, ‘गॅफर’ आता मुकादमाला आणि फुटबॉल संघाच्या व्यवस्थापकाला म्हणतात. मँचेस्टरकडचे ‘अवर किड’ मात्र सख्ख्या भावंडांपुरतेच, फार तर चुलतभावंडांपर्यंत जाते, आणि त्यातला ‘अवर’ हा ‘आमचा बाळू’मधल्या ‘आमचा’सारखाच आहे. परक्याला नाते देण्याऐवजी इंग्रजी बोलींनी त्याला घरातली एखादी आवडती वस्तू किंवा अंगणातला एखादा जीव करून टाकले. आपल्या रीतीत मोठ्या-धाकट्याचा क्रम येतो, त्यांच्या रीतीत तो येत नाही. शस्त्रक्रियेच्या आधी परिचारिकेने रुग्णाला ‘डक’ म्हणावे आणि वॉर्डातल्या रुग्णाने मोठ्या डॉक्टरलाही ‘डक’ म्हणावे, यात जी समता आहे, ती मला मनापासून आवडते.

लंडनच्या पूर्व भागातला ‘ट्रीकल’ हा तुलनेने नवा. तिथल्या यमक जुळवून बोलण्याच्या रीतीत ‘स्वीटहार्ट’शी ‘ट्रीकल टार्ट’ जुळले आणि मग नुसता ‘ट्रीकल’ उरला. ट्रीकल म्हणजे काकवीसारखा उसाचा पाक. पण शब्द ग्रीक ‘थेरियाके’ वरून आला, ज्याचा अर्थ विषारी जनावराच्या दंशावरचा उतारा. औषध गोड पाकात देत, म्हणून हळूहळू पाकालाच ते नाव राहिले. त्याच जोडीतला ‘टार्ट’ शब्द एकोणिसाव्या शतकात तरुणीला लाडाने म्हणत, आणि काही दशकांतच तो तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारा शब्द झाला. हे स्त्रियांच्या बाबतीत वारंवार झाले आहे. लिव्हरपूलमध्ये स्त्रीला ‘क्वीन’ म्हणतात, ती सरळ राणी. परंतु त्याच कुळातला, जुन्या इंग्रजीत फक्त ‘बाई’ एवढाच अर्थ असलेला जो शब्द होता, ज्याची नातलग ऋग्वेदातली ‘जनि’ आणि ‘ग्ना’ आहे, तो पुढे शिवी होऊन लोपला.

म्हणूनच कार्यालयांत आणि रुग्णालयांत अशा हाका मारू नयेत, अशा सूचना जेव्हा निघतात, तेव्हा त्यांच्यामागचे कारण मी उडवून लावत नाही. बैठकीत पुरुष सहकाऱ्यांना आडनावाने आणि एकट्या स्त्रीला ‘लव्ह’ म्हणून संबोधणारा माणूस माया करत नसतो, तिला खालच्या पायरीवर बसवत असतो. वृद्ध रुग्णाला तान्ह्या मुलासारखे ‘डिअर’, ‘स्वीटी’ म्हणत राहणेही तसेच. कसोटी एकच आहे आणि बोलीनेच ती घालून दिली आहे: हाक दोन्ही बाजूंनी मारता आली पाहिजे. स्टोकच्या जुन्या मातीकाम कारखान्यांत चाकावर बसणारा कुंभार आणि कपांवर फुले रंगवणारी मुलगी एकमेकांना सारखेच ‘डक’ होते. ही परस्परता जिथे आहे, तिथे वरून आलेल्या परिपत्रकाने ती तोडू नये. जिथे ती नाही, तिथे तो शब्द बोलीचा राहतच नाही, केवळ उद्धटपणाचे पांघरूण होतो. लेस्टरच्या बाजारात गुजराती दुकानदार, ज्यांची कुटुंबे पूर्व आफ्रिकेतून इथे आली, गोऱ्या म्हातारीला ‘मी डक’ म्हणतात आणि ती त्यांना म्हणते, तेव्हा या हाकेचे वारस कोण, हा प्रश्नही उरत नाही.

शेवटी खाणीतला शब्द, कारण त्यात मायेपेक्षा भरवसा अधिक आहे. डरहॅम, नॉर्थंबरलंड आणि कंब्रियाचा पश्चिम किनारा या भागांत मित्राला ‘मॅरा’ म्हणतात. पंधराव्या शतकापासून ‘मॅरो’ या रूपात तो सोबती या अर्थाने लेखनात आढळतो, आणि जोडीतल्या एका वस्तूलाही, जसे हातमोज्याच्या जोडीतल्या एकाला, तेच म्हणत. कोळशाच्या खाणीत या शब्दाला नेमका अर्थ आला. कोणी कोणत्या जागी कोळसा फोडायचा, हे डरहॅमच्या खाणींत दर तिमाहीला चिठ्ठ्या टाकून ठरवत. एकच जागा वाट्याला आलेले, आलटूनपालटून पाळ्या करणारे आणि मजुरी एकत्र करून वाटून घेणारे लोक एकमेकांचे मॅरा. आधीच्या पाळीतल्या मॅराने छताला टेकू नीट दिला असेल, तरच पुढच्या पाळीतला जिवंत वर येणार. १९८४-८५च्या मोठ्या संपानंतर खाणी एकामागून एक बंद झाल्या, आणि डरहॅमच्या कोळसाक्षेत्रातली शेवटची, सँडरलंडमधली मंकवेअरमथची खाण १९९३ साली मिटली. त्या जागेवर १९९७ साली सँडरलंडच्या फुटबॉल संघाचे मैदान उभे राहिले, ज्याच्या बाहेर खाणकामगारांच्या डेव्ही दिव्याची मोठी प्रतिकृती आहे. सामन्याच्या दिवशी त्या दिव्याजवळून आत जाणाऱ्या गर्दीत, ज्यांनी खाण पाहिलेली नाही आणि ज्यांच्या वडिलांनीही कदाचित पाहिली नसेल, अशी शाळकरी मुले एकमेकांना ‘कम ऑन, मॅरा’ म्हणत पुढे ओढत असतात.